ठराव मंजूर झाला, तरी अधिकारी खुर्चीवर कसा? महापालिकेतील नियुक्त अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्याची प्रक्रिया

एका ‘ड’ वर्ग महापालिकेतील, पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेवकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “रस्त्यांच्या निकृष्ट कामांवरून आमच्या महासभेने नगर अभियंत्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. दोन महिने उलटले, तरी साहेब त्याच दालनात बसून देयकांवर सह्या करीत आहेत. आयुक्त म्हणतात, ‘प्रक्रिया सुरू आहे.’ सभागृह सर्वोच्च असेल, तर ठरावानंतर अधिकारी जायला नको का? आणि उद्या आयुक्तांवरच अविश्वास आणला, तर तोही असाच कागदावर राहणार का?”

महापालिकेच्या आस्थापना विभागात आणि नंतर विभागीय चौकशांचा चौकशी अधिकारी म्हणून मी दीर्घकाळ काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, आपला संताप रास्त असला तरी ठरावाचा मार्ग अपुरा होता. अधिकाऱ्याला पदावरून दूर करतो तो सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश, आणि त्या आदेशामागे दोषारोप, बचावाची संधी, पुरावा आणि कारणमीमांसा असावी लागते. सभागृहाचा ठराव या साखळीत कुठे बसतो, हे अधिकाऱ्याची नेमणूक कोणी केली यावर अवलंबून असते. आपल्याकडच्या बहुतेक ठरावांची फसगत या पहिल्या पायरीवरच होते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

महापालिकेच्या इमारतीत बसणारे सगळे अधिकारी आपल्याला एकसारखे दिसतात. आस्थापनेच्या नस्तीत (फाइलीत) मात्र त्यांचे वेगवेगळे गट असतात. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. अतिरिक्त आयुक्त, काही उपायुक्त, लेखाधिकारी असे कित्येक जण राज्य सेवेतून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळ विभागातून ठरावीक काळासाठी, आलेले असतात. उरलेले महापालिकेच्या स्वतःच्या आस्थापनेवरचे, म्हणजे इथेच भरती होऊन पदोन्नतीने वर आलेले. ज्याला नेमण्याचा अधिकार त्यालाच निलंबित करण्याचा आणि काढण्याचा अधिकार, हे तत्त्व १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या सोळाव्या कलमात आहे, आणि सेवाविषयक बहुतेक वाद फिरून याच तत्त्वापाशी येतात. नेमणूक आदेश पाहिल्याशिवाय ‘याला काढा’ असा ठराव लिहिणे म्हणजे सातबारा न पाहता जमिनीचा सौदा करणे होय. आपल्या नगर अभियंत्यांचा नेमणूक आदेश आधी मागवून घ्या. ते आस्थापनेवरचे आहेत की प्रतिनियुक्तीवरचे, यावरून पुढचा सगळा रस्ता बदलतो.

आधी आयुक्तांबद्दल, कारण आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. मुंबई सोडून राज्यातील इतर महापालिकांना १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू आहे, ज्याला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३६ नुसार आयुक्तांना राज्य सरकार नेमते, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. त्याच कलमात त्यांना परत बोलावण्याचीही तरतूद आहे. आयुक्त काम करण्यास असमर्थ आहेत, किंवा त्यांच्याकडून गैरवर्तन वा हयगय झाली आहे असे सरकारला वाटले, तर सरकार त्यांना मागे घेऊ शकते. आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी तसा ठराव केला, तर सरकारने त्यांना मागे घ्यावे, अशी रचना आहे. इथे ‘एकूण सदस्यसंख्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या दिवशी हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही. गैरहजर आणि तटस्थ राहणारा प्रत्येक सदस्य परिणामतः ठरावाच्या विरोधातच मोजला जातो.

हे प्रमाण १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातून चालत आले आहे आणि त्याच्यामागे इतिहास आहे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये आले. त्यांनी शहर झपाट्याने सुधारले. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नावाने ओळखली गेली. पण खर्च आवरला नाही, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्यांना जावे लागले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही वाचण्यासारखी आहे. कारभार समित्यांच्या हाती वाटून देऊ नये, तो एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा, मात्र त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभागृहाची नजर असावी, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने नेमलेला आयुक्त आणि त्याला हटवण्याची मागणी करू शकणारे सभागृह, हा समतोल तिथून आला. १८८८ च्या सभागृहात ७२ सदस्य होते. त्याचे पाच-अष्टमांश म्हणजे ४५. सहजासहजी गाठता येऊ नये आणि तरी अशक्यही असू नये, असा तो आकडा होता.

व्यवहारात काय होते ते नवी मुंबईने दाखवले. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे तिथे आयुक्त म्हणून आले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सभागृहाने त्यांच्यावर अविश्वास ठराव आणला. १११ जणांच्या सभागृहात ठरावाच्या बाजूने १०४ मते पडली आणि विरोधात अवघी ६. पाच-अष्टमांशाची अट त्या सभागृहात ७० मतांना पूर्ण होते. इथे ती कितीतरी मागे पडली होती. तरीही सरकारने त्यांना तेव्हा हलवले नाही. ते पुढे पाच महिने त्याच पदावर राहिले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या परिवहन महामंडळावर झाली. २०१८ मध्ये नाशिकमध्येही त्यांच्याविरुद्ध अविश्वासाची तयारी झाली. तो प्रस्ताव सभेपुढे येण्याच्या सुमारास मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची तिथूनही बदली झाली. १९४९ च्या अधिनियमातील कलम ३६ बरोबर कलम ४५१ वाचले, म्हणजे यातले कायदेशीर गणित उलगडते. कोणताही ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार त्या कलमाने सरकारला दिला आहे. त्यामुळे अविश्वास ठराव हे आयुक्तांना हटवण्याचे शस्त्र असण्यापेक्षा सरकारवर आणलेले राजकीय दडपण अधिक असते. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला, पण आयुक्त नेमण्याची आणि हटवण्याची दोरी मुंबईतल्या मंत्रालयाच्या हातातून सुटली नाही. ही त्रुटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शहराने बहुमताने नाकारलेला आयुक्त सरकारने ठेवायचा असेल, तर निदान त्याची कारणे लेखी आणि जाहीर व्हायला हवीत.

प्रतिनियुक्तीवरच्या अधिकाऱ्यांचा विषय लवकर संपतो. प्रतिनियुक्तीच्या पदावर राहण्याचा त्यांना हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या कुणाल नंदा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. सक्षम प्राधिकारी त्यांना मूळ विभागात परत पाठवू शकतो आणि सभागृह तशी शिफारस करू शकते. एकच काळजी घ्यावी: परत पाठवण्याच्या आदेशात ‘भ्रष्ट’, ‘अकार्यक्षम’ असे शेरे मारू नयेत. तसे शब्द आले की ती साधी परतपाठवणी राहत नाही, शिक्षा ठरते आणि चौकशीशिवाय शिक्षा टिकत नाही. गैरवर्तन खरोखर घडले असेल, तर कागदपत्रांसह प्रस्ताव मूळ विभागाकडे पाठवावा. चौकशी तो विभाग करील. राज्य सेवेतील अधिकाऱ्यांच्या मुदतपूर्व बदलीला २००५ चा बदल्यांचा कायदा लागू होतो. त्यात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला असून त्याआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात.

आता आपला मुख्य विषय, म्हणजे आस्थापनेवरचा अधिकारी. नगर अभियंता, आरोग्य अधिकारी, मुख्य लेखापरीक्षक, नगरसचिव ही त्याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये नावानिशी आलेली पदे आहेत आणि त्यांच्या नेमणुकीत महासभेला स्थान आहे. शिस्तभंगाचे सगळे सूत्र कलम ५६ मध्ये आहे, आणि प्रत्येक नगरसेवकाने शपथ घेतल्यानंतर वाचावे असे ते कलम आहे. नियमभंग, निष्काळजीपणा, कर्तव्यात कसूर, गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता यांबद्दल सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर ठपका ठेवण्यापासून बडतर्फीपर्यंतच्या शास्ती देता येतात. सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या दोन वेगळ्या शिक्षा आहेत: पहिलीनंतर पुन्हा सरकारी नोकरीची दारे कायद्याने बंद होत नाहीत, दुसरीनंतर सामान्यतः होतात. सहायक आयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आयुक्तांनी बडतर्फ करायचे, तर महासभेची पूर्वमान्यता लागते. पदावनती, काढून टाकणे किंवा बडतर्फी यांपैकी काहीही करण्यापूर्वी अधिकाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, किंवा अशी संधी देणे व्यवहार्य नाही याची कारणे लेखी नोंदवली असतील, तेवढे अपवाद आहेत.

थोडक्यात, कायद्याने महासभेला दिलेली जागा शेवटी मान्यता देणाऱ्याची आहे. आपल्या सभागृहाने सुरुवातीलाच निकाल देऊन टाकला. यातला धोका केवळ तांत्रिक नाही. उद्या रीतसर चौकशी होऊन बडतर्फीचा प्रस्ताव याच सभागृहापुढे मान्यतेला आला, तर अधिकाऱ्याचे वकील उच्च न्यायालयात आपला जुना ठराव आणि त्या दिवशीची भाषणे इतिवृत्तातून वाचून दाखवतील, आणि ‘मान्यता देणाऱ्यांनी पुरावा पाहण्यापूर्वीच मन बनवले होते’ असा मुद्दा मांडतील. चौकशीत दोष सिद्ध झाला असतानाही प्रकरण अशा मुद्द्यावर डळमळू शकते. म्हणून सभागृहात बोलताना कामाच्या दर्जाबद्दल हवे तेवढे कठोर बोला. अधिकाऱ्याच्या दोषाबद्दल मात्र ‘चौकशी करा’ एवढेच म्हणा.

या जागी ब्रायटन शहराचे उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण नगरपालिकेने अधिकाऱ्याला काढण्याविषयीच्या आजच्या कायद्याची पायाभरणी त्या खटल्याने केली. इंग्लंडमध्ये त्या काळी शहराच्या पोलिसप्रमुखाची नेमणूक आणि बडतर्फी नगरपालिकेच्या ‘वॉच कमिटी’च्या हाती असे. ब्रायटनचे पोलिसप्रमुख चार्ल्स रिज यांच्यावर न्यायदानात अडथळा आणण्याच्या कटाचा खटला चालला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायाधीशांनी मात्र त्यांच्या नेतृत्वाबद्दल प्रतिकूल शेरे मारले. समितीने ते शेरे उचलून ७ मार्चला सभा घेतली आणि रिज यांना ना नोटीस दिली, ना दोषारोप सांगितले, ना बोलावले; १८८२ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्यातील ‘कर्तव्यात हयगय करणारा किंवा अयोग्य’ या शब्दांवर बोट ठेवून थेट बडतर्फ केले. काही दिवसांनी त्यांच्या वकिलाला बोलू दिले, पण दोष नेमके कोणते ते तेव्हाही सांगितले नाही. १९६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती बडतर्फी शून्यवत ठरवली. काही कारण असल्याशिवाय काढता येत नाही अशा पदावरच्या माणसाला ते कारण आधी सांगितले पाहिजे आणि त्याचे उत्तर ऐकले पाहिजे. तो दोषी असणे जवळपास उघड असले, तरी ऐकण्यापासून सुटका नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. भारतीय न्यायालयांनी हा विचार पुढे नेला. महापालिकेचा कर्मचारी राज्याच्या नागरी सेवेत नसल्याने घटनेच्या अनुच्छेद ३११ चे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण त्याला मिळत नाही, असा युक्तिवाद अजूनही कधीमधी ऐकू येतो. तो खरा आहे आणि निरुपयोगीही आहे, कारण कलम ५६, सेवानियम आणि समानतेचा अनुच्छेद १४ मिळून जवळपास तेच संरक्षण त्याला देतात.

निलंबनाविषयी लोकांच्या मनात मोठा गैरसमज आहे. निलंबन ही बहुतेक वेळा शिक्षा नसते. चौकशी निर्वेध व्हावी, कागदपत्रांत फेरफार होऊ नये म्हणून अधिकाऱ्याला कामापासून दूर ठेवणे एवढाच तिचा हेतू असतो. या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका, आणि चौकशी त्याच्या दोषाशिवाय लांबली तर तो वाढतो. म्हणजे महापालिका काम न करणाऱ्या माणसाला पैसे देत राहते आणि त्याच्या जागी दुसऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार देऊन दोन खाती अर्धवट चालवते. कलम ४५ खालच्या अधिकाऱ्याला आयुक्तांनी निलंबित केले, तर कारणांसह तत्काळ महासभेला कळवावे लागते आणि सहा महिन्यांत महासभेने ते कायम केले नाही, तर निलंबन आपोआप संपते. ही मुदत मोजण्याचे काम सभागृहाने नगरसचिवांवर सोडून निर्धास्त राहू नये. विषयपत्रिकेवर प्रस्ताव वेळेत आला नाही, सभा तहकूब झाली, आणि निलंबित अधिकारी सहा महिने संपल्यावर हजर होण्याचे पत्र घेऊन दारात उभा राहिला, असे घडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही, आणि बजावले असेल तरी मुदतवाढीचा आदेश सकारण हवा. राज्य सरकारनेही २०१९ मध्ये त्यानुसार सूचना काढल्या. तेव्हा दोषारोपपत्राचा मसुदा तयार नसताना निलंबनाची घाई करणे म्हणजे घड्याळ आपल्याच विरुद्ध चालू करणे आहे.

चौकशीचा निकाल निम्मा तरी दोषारोपपत्रातच ठरतो. माझ्यापुढे आलेल्या दोषारोपपत्रांत सर्वांत जास्त वेळा दिसलेले वाक्य असे: “आपण आपल्या कर्तव्यात अक्षम्य हलगर्जीपणा करून महापालिकेचे आर्थिक नुकसान केले.” याचे उत्तर कोणताही अधिकारी एका ओळीत देतो, ‘आरोप मोघम असून अमान्य आहे’, आणि तो बरोबर असतो. आपल्या प्रकरणात दोषारोप कसा हवा? अमुक प्रभागातील अमुक रस्ता, कार्यादेशाचा क्रमांक व तारीख, अंदाजपत्रकात मंजूर असलेली डांबरी थराची जाडी, मोजमाप पुस्तकाच्या अमुक पानावर नोंदलेली जाडी, त्रयस्थ संस्थेने कोअर (रस्त्याला भोक पाडून घेतलेला नमुना) काढून तपासलेली प्रत्यक्ष जाडी, या दोन्हींतील फरक, त्या नोंदीवर कोणी कोणत्या तारखेला तपासणीची सही केली, आणि त्या सहीच्या आधारे किती रकमेचे देयक अदा झाले. इतके लिहिले, की दोषारोप आपल्या पायावर उभा राहतो. त्याच वेळी एक गोष्ट उघडी पडते: मोजमाप पुस्तकात नोंद कनिष्ठ अभियंता करतो, उपअभियंता ती तपासतो आणि नगर अभियंत्यांची सही बहुधा शेवटी येते. तेव्हा नगर अभियंत्यांनी स्वतः नेमके काय केले किंवा काय करायचे टाळले, हे पुराव्याने दाखवता येते का, हा प्रश्न सभागृहाने ठरावाआधी स्वतःला विचारायला हवा होता. वरच्या माणसाला बळी देऊन खालची साखळी मोकळी सोडणे, किंवा खालच्या कनिष्ठ अभियंत्यावर सगळे ढकलून वरच्याला वाचवणे, हे दोन्ही प्रकार शहराच्या हिताचे नाहीत.

दोषारोपपत्रासोबत अपचाराचे (गैरवर्तनाचे) सविस्तर विवरण, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी जोडावी लागते. अधिकाऱ्याने दोष नाकारला की चौकशी अधिकारी आणि महापालिकेची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी नेमले जातात. अपचारी अधिकाऱ्याला बचाव सहायक घेता येतो. यानंतर जे घडते ते बाहेर कुणाला दिसत नाही, पण अनेक प्रकरणे तिथेच मरतात. चौकशीच्या मेजावर सादरकर्ता अधिकारी मोजमाप पुस्तकाच्या छायाप्रती ठेवतो. बचाव सहायक मूळ पुस्तक मागतो. मूळ पुस्तक लेखा विभागात गेलेले असते. लेखा विभाग सांगतो, लेखापरीक्षणाला दिले. लेखापरीक्षण सांगते, परत केले. तीन तारखा यात जातात. मग कोअर तपासणीचा अहवाल येतो, पण नमुने घेताना पंचनामा झाला नव्हता, किंवा अहवालावर सही करणारा तज्ज्ञ साक्षीसाठी बोलावलेलाच नसतो. ज्याच्या अहवालावर प्रकरण उभे आहे त्याची उलटतपासणी झाली नाही, तर तो अहवाल फाइलीत असूनही पुरावा म्हणून दुबळा पडतो. केवळ कागद दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रूपसिंग नेगी प्रकरणातही सांगितले आहे. म्हणून दोषारोपपत्र बजावण्याच्या दिवशीच मूळ कागदपत्रे सीलबंद करून एका जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावीत. एवढ्या एका कामाने चौकशीचे कित्येक महिने वाचतात.

चौकशी अहवाल आल्यावर त्याची प्रत अधिकाऱ्याला देऊन त्याचे अभिवेदन (लेखी म्हणणे) मागवणे अनिवार्य आहे. १९९० च्या मोहम्मद रमझान खान प्रकरणाने आणि १९९३ च्या करुणाकर प्रकरणातील घटनापीठाने यावर शंका ठेवलेली नाही. शेवटचा आदेश सकारण हवा, म्हणजे कोणता दोष कोणत्या पुराव्याने सिद्ध झाला, बचावातील मुद्दे का मान्य नाहीत आणि नेमकी हीच शिक्षा का, हे त्यात लिहिलेले हवे. चौकशी नीट झाली असेल, तर न्यायालय पुराव्याचे नव्याने मूल्यमापन करीत बसत नाही. शिक्षा विवेकाला धक्का देण्याइतकी जास्त असेल तरच हात घालते. चौकशी टिकली नाही, तर मात्र पुनःस्थापनेबरोबर मागील वेतनही द्यावे लागू शकते. २०१३ च्या दीपाली सुरवसे प्रकरणाने चुकीने काढलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम मानला. ते वेतन करदात्यांच्या पैशातून जाते, घाईघाईने आदेश काढणाऱ्याच्या खिशातून नव्हे.

लाच घेताना पकडलेल्या अधिकाऱ्याचा मार्ग थोडा वेगळा आहे. ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी सेवानियमांनुसार निलंबित मानला जातो. पण फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत विभागीय चौकशी थांबवावी, अशी जी पद्धत पडली आहे ती मला अजिबात मान्य नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, हे कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात १९९९ मध्येच स्पष्ट झाले आहे. गुंतागुंतीचे कायदेशीर व वस्तुस्थितीचे प्रश्न असतील तेवढ्यापुरताच अपवाद आहे. खटले वर्षानुवर्षे चालतात आणि दरम्यान निलंबन आढावा समिती त्याच अधिकाऱ्याला अकार्यकारी पदावर परत घेते. लोकांना वाटते सुटला. खरे तर महापालिकेने आपल्या हातातली चौकशी सुरूच केलेली नसते.

आडवाटा पुष्कळ आहेत आणि आपल्याला त्या सुचवणारेही भेटतील: सक्तीच्या रजेवर पाठवा, कार्यभार काढून घ्या, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या विभागात बसवा. प्रशासकीय सोय म्हणून कार्यभार बदलणे आयुक्तांच्या अधिकारात आहे आणि आपल्या प्रकरणात तोच तातडीचा योग्य उपाय ठरेल: ज्या कामांची चौकशी आहे त्यांच्या देयकांवर सही करण्याचा अधिकार नगर अभियंत्यांकडून तात्पुरता काढून दुसऱ्याला देता येतो. पण कार्यभार काढून विषय मिटवणे वेगळे. त्यातून दोषी माणूस वेतन, वेतनवाढ आणि पुढे निवृत्तिवेतन घेत राहतो आणि नियमावर बोट ठेवणारा प्रामाणिक अधिकारीही याच वाटेने दूर केला जातो. चौकशीची पद्धत किचकट वाटली, तरी ठेकेदारांच्या दबावाला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला उभे राहायला तेवढाच आधार आहे, आणि तो आधार दोषी माणसासाठी म्हणून मोडला की दुसऱ्यासाठीही मोडतो. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

निवडणुका रखडल्याने राज्यातील महापालिकांत प्रशासक बसले, मुंबईत मार्च २०२२ पासून, तेव्हा आणखी एक अडचण झाली. महासभेचे अधिकारही प्रशासकाच्याच हाती आल्याने बडतर्फीचा प्रस्ताव मांडणारा आणि त्याला पूर्वमान्यता देणारा एकच झाला. कायद्याने घातलेली दुसरी नजर नाहीशी झाली. त्या काळातील अशा काही नस्त्या आपल्या सभागृहाला आता पाहायच्या असतील, तर अवश्य पाहाव्यात.

आदेशाविरुद्ध कोण कुठे जातो, तेही लक्षात ठेवा. महापालिकेचा आस्थापनेवरचा अधिकारी विभागीय अपिलानंतर उच्च न्यायालयात जातो, प्रतिनियुक्तीवरचा राज्य अधिकारी प्रशासकीय न्यायाधिकरणात, भारतीय प्रशासकीय सेवेतला केंद्रीय न्यायाधिकरणात, आणि कामगाराच्या व्याख्येत बसणारे कर्मचारी कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात.

आपल्या सभागृहाने आता करायचे ते असे. जुना ठराव रेटू नका. पुढच्या सभेत आयुक्तांना लेखी विचारा की प्राथमिक चौकशी कोणाकडे दिली, तिचा अहवाल कोणत्या तारखेपर्यंत येईल, मोजमाप पुस्तके आणि कोअर अहवाल कोणाच्या ताब्यात आहेत आणि दोषारोपपत्राचा मसुदा विधी विभागाकडे गेला आहे का. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर इतिवृत्तात येऊ देऊ नका. तारखा येऊ द्या. आणि सर्वांत आधी सेवापुस्तकातून अधिकाऱ्यांची जन्मतारीख पाहून घ्या. निवृत्तीपूर्वी दोषारोपपत्र बजावले गेले, तर चौकशी निवृत्तीनंतरही चालू राहते आणि निवृत्तिवेतनातून वसुली करता येते. ते राहून गेले, तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ आडवा येतो: चौकशी सुरू करण्याच्या तारखेपूर्वी चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल निवृत्त माणसाविरुद्ध नवी चौकशी उघडता येत नाही. आपल्या रस्त्यांची देयके कोणत्या वर्षी अदा झाली, ते लेखा विभागातून याच आठवड्यात मागवा.